मोठीमायचं नावडतं गाणं

मोठीमायला भीती वाटत नाही अशी वस्तू मी तरी पाहिलेली नाही. गॅसच्या टाकीला ती भ्यायची आणि चुलीलाही भ्यायची. भुंकणाऱ्या कुत्र्याला भ्यायची, न भुंकणाऱ्याला जास्त. जीपच्या मागच्या पायरीवर लटकलेली माणसं दिसली की ती डोळे मिटून घ्यायची आणि जीपचा आवाज विरल्यावरच उघडायची. घरात लेकरू रडलं तर ‘काऊन रडते’ म्हणून तिचा जीव खालीवर, आणि गप्प असलं तर ‘काऊन रडत नाही’ म्हणून. आम्ही हसायचो. ती म्हणायची, “हासा बाप्पा. भेनाऱ्याचंच घर राह्यते.”

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. आमच्या वऱ्हाडात थोरल्या काकूला मोठीमाय म्हणतात आणि थोरल्या काकांना मोठेबाबा. चिखलीहून जीपनं गेलं की आमचं गाव येतं. गावात मिशनच्या काळापासूनची मूठभर ख्रिस्ती घरं, पत्र्याचं छप्पर असलेलं एक लहानसं चर्च आणि त्या चर्चची एक हातपेटी. पाळकसाहेब तालुक्याहून यायचे, जमेल तेव्हा. पेटी मात्र कायम मोठीमायच्या ताब्यात. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात ती पेटी शिकली होती. तिनं बोटं पट्ट्यांवर ठेवली की तेवढा वेळ भीती कुठे जायची कोण जाणे. वाजवून झालं की परत यायची, बहुधा दाराबाहेर चपला घालून उभी असायची.

नाताळात घरोघर जाऊन गाणी म्हणायची आमच्याकडे जुनी चाल आहे. इतर गावांतले गट रात्री कंदील घेऊन निघतात. आमचा गट दुपारी निघायचा. कारण एकच, अस्वल. आमच्या बाजूला डोंगर आहे, डोंगरात अस्वलं आहेत, आणि बोरं पिकली की ती खाली उतरतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, असं मोठीमायचं म्हणणं. “देवदूत अंधारात आले ते ठीक. त्याइले पंख होते,” ती म्हणायची. तेव्हा भर उन्हात, टोप्या आणि पदर डोक्यावर घेऊन, ‘शांत रात्र, थंड तारे’ असली गाणी म्हणत आम्ही फिरायचो. कापूस वेचणीवरून परतणाऱ्या बाया थांबून बघायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर दया असायची असं मला वाटतं.

या गटात माझं काम पेटी वाहायचं. चिखलीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, दिवसभर बसून असतो, त्यामुळे शरीर भरलेलं. ओझ्याला चांगला आधार. गाताना मी फक्त ओठ हलवायचे असा निर्णय मोठीमायनं फार पूर्वी जाहीर केला होता. कारण विचारलं तर म्हणाली, “तुह्या गळ्यानं म्हशी दूध चोरतात, बापू. अनुभव हाये.” बायकोनं हे ऐकलं आणि ती आजही पाहुण्यांना ऐकवते.

आमच्या फेरीची एक रीत होती. प्रत्येक घराचं एक गाणं ठरलेलं. दारात गेलं की घरातल्या मोठ्या माणसानं गाणं मागायचं आणि आम्ही ते म्हणायचं. मागायचं म्हणजे नाव घ्यायचं नुसतं, कारण वर्षानुवर्षं तेच. पिंजाऱ्याच्या घरातल्या बानोखाला मरियमची अंगाई मागायच्या. गाद्या भरताना उडालेला कापूस त्यांच्या पापण्यांवर असायचा आणि गाणं चालू असताना त्या मांडीवर काही नसतानाही मांडी हलवायच्या. बौद्ध वस्तीतले गायकवाड गुरुजी मेंढक्यांचं गाणं मागायचे. म्हणायचे, “पहिली खबर राजाले नाही, रानात राबणाऱ्याले भेटली. एवढं मले पटते. बाकी तुमचं तुमच्यापाशी.” मग चहा पाजायचे. चर्चमधल्या तरुण मंडळींना पुण्याहून आणलेल्या कीबोर्डवरची घंटांची गाणी आवडायची. मला स्वतःला ती गाणी सगळ्यात नावडती, कारण त्यात टाळ्या वाजवाव्या लागतात आणि माझी टाळी नेहमी सगळ्यांची वाजून झाल्यावर वाजते.

मोठीमायला सगळीच गाणी आवडायची, एक सोडून. ते आम्ही ‘म्हाताऱ्याचं गाणं’ म्हणायचो. त्यात देवळातला एक म्हातारा आहे. तारणारा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तुला मरण नाही, असं त्याला वचन मिळालेलं. वाट पाहून पाहून तो थकतो. ‘डोळे शिणले, गुडघे शिणले, उंबरा काही हलत नाही,’ असं पहिलंच कडवं. मग एक आई बाळाला घेऊन देवळात येते, म्हातारा बाळाला हातात घेतो. आणि शेवटच्या कडव्यात तो देवाला म्हणतो की झालं माझं, आता मला जाऊ दे. चाल संथ, जुनी, पायरी पायरीनं खाली उतरणारी.

मोठेबाबांना दमा होता. शेवटच्या नाताळात त्यांनी खाटेवरून हे गाणं मागितलं. त्यांच्या घराचं गाणं ते नव्हतंच, पण आजारी माणसाला नाही कोण म्हणणार. मोठीमायनं वाजवलं, सगळी कडवी. नवं वर्ष लागायच्या आत मोठेबाबा गेले. गावानं म्हटलं, दमा. डॉक्टरनं म्हटलं, दमा. मोठीमाय म्हणाली, “दम्यानं नाही गेले. मांगून गेले. आन् म्या वाजवून देल्लं.” त्यानंतर ते गाणं आमच्या फेरीतून बंद झालं. पाळकसाहेबांनी एकदा उपासनेत ते घ्यायचा विचार बोलून दाखवला, तर मोठीमायनं पेटीचा भाता बंद केला, वरून कापड टाकलं आणि त्या कापडावर दोन्ही हात रोवून बसली. साहेबांनी दुसरं गाणं घेतलं.

आता दाविदकाकांबद्दल सांगायला हवं. दाविदकाका म्हणजे मोठेबाबांचे सगळ्यात धाकटे भाऊ. मोठीमाय लग्न होऊन आली तेव्हा ते नाक पुसायच्या वयाचे होते. सासू लवकर गेली, तेव्हा या दिराला तिनंच वाढवलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. ती त्यांना दाविद म्हणायची आणि ते तिला वहिनी म्हणायचे, पण आजारी पडले की माय म्हणायचे. त्यांच्या घराचं गाणं म्हणजे गाढवाचं गाणं. ‘उचल पाय रे गाढवा, वाट थोडी राहिली,’ असं ते धावतं गाणं, आणि दर कडव्यानंतर काका स्वतः गाढवासारखे ओरडायचे. इतकं हुबेहूब की एकदा परटाचं गाढव दावं तोडून आलं. पोरं वर्षभर त्या ओरडण्याची वाट पाहायची. खरं तर पोरांचं नाव करून आम्हीही पाहायचो.

काकांचं शेत कोरडवाहू, पीक कपाशी. बीटीचं बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं गाव उड्या मारत होतं. बोंडं फुटून कपाशीच्या पऱ्हाट्या वाकायच्या. कुणी स्लॅब टाकला, कुणी मोटरसायकल घेतली. काकांनी ओसरीला फरशी बसवली. मोठीमाय त्या फरशीवरून भिंत धरून चालायची. “घसरते,” म्हणायची. आम्हाला वाटायचं, फरशीबद्दल बोलते आहे. मग हळूहळू फवारणी परत सुरू झाली, आधी एक, मग मोजायचंच सोडलं. आणि मग ती गुलाबी अळी आली. बाहेरून बोंड भरलेलं, हिरवंगार. दाबून फोडलं की आत कवडी झालेला, कडक काळपट कापूस आणि त्यात ती, जत्रेतल्या गुलाबी बांगडीच्या रंगाची. त्या हिवाळ्यात लोक भरल्या पिकावर रोटावेटर फिरवत होते. बांधावर उभं राहून बायका बघत होत्या.

त्या वर्षी गावात एक निराळीच शांतता होती. माणसं पारावर बसायची, पण बोलायची नाहीत. शेजारच्या गावातून एक बातमी आली, मग त्यापलीकडच्या गावातून दुसरी. बातमी सांगणारा आवाज खाली करायचा आणि ऐकणाऱ्या बाया नकळत आपापल्या घराकडे मान वळवायच्या. आमच्याकडे फवाऱ्याच्या विषाला औषधच म्हणतात. ते प्रत्येकाच्या घरात होतं. पंपाशेजारी, माळ्यावर, गोठ्यात.

जन्मभर आम्ही जिच्या भीतीला हसलो ती मोठीमाय त्या वर्षी एकटीच कामाला लागली. घरोघर जायची, बसायची, पाणी मागायची आणि बाईला सरळ विचारायची, “औषध कुठं हाये तुह्या घरी?” असं कुणी विचारत नाही. अशुभ बोलल्यासारखं होतं. पण बाया सांगायच्या, जणू कुणी विचारण्याचीच वाट पाहत होत्या. मग मोठीमाय पिशवीत घालून ते घेऊन यायची आणि चर्चच्या मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावायची. गव्हाणीच्या देखाव्याच्या मेंढ्या, उंट आणि राजे तिथेच ठेवलेले असायचे. देखावा काढायला पाळकसाहेबांनी खोली उघडली आणि वास येऊन दोन पावलं मागे आले. मोठीमाय म्हणाली, “राजे जवळच हायेत साहेब. राखण करतात.” साहेबांनी मेंढ्या धुऊन घेतल्या आणि खोलीला परत कुलूप लावलं.

त्या नाताळात फेरी काढायची की नाही, यावर चर्चा झाली. मोठीमाय म्हणाली, काढायचीच. “गानं तोंडानं म्हनाचं, डोये उघडे ठेवाचे,” एवढीच सूचना तिनं सगळ्यांना दिली.

बानोखालांकडे अंगाई झाली. गुरुजींकडे मेंढके झाले, चहा झाला. ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही दाविदकाकांच्या ओसरीवर पोचलो. मी पेटी खाली ठेवली. पोरं पुढे सरकून बसली, कारण आता गाढव येणार. सुगंधाकाकू आतून करंज्यांचं ताट घेऊन आली. मोठीमायनं विचारायचं म्हणून विचारलं, “हं दाविद, कोनतं म्हनाचं?” आणि तिच्या डाव्या हातानं गाढवाच्या चालीसाठी भाता हलवायला सुरुवातही केली.

काका खांबाला टेकून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, “म्हाताऱ्याचं म्हना.”

भाता थांबला. आत भरलेली हवा हळूहळू बाहेर पडत राहिली, कुणीतरी लांब श्वास सोडावा तशी. काकूच्या हातातलं ताट कललं आणि करंज्या फरशीवरून घरंगळत गेल्या. एकाही पोरानं उचलली नाही.

“पेटीचा सूर गेला,” मोठीमाय म्हणाली.

“आत्ता गुरुजीच्या घरून आवाज येत होता तं.”

“आत्ताच गेला.” मग माझ्याकडे वळून, “बापूनं आदळली.”

मी मान हलवली. पेटी मी फुलासारखी ठेवली होती, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर मी पेटी विहिरीत टाकली असं म्हणाली असती तरी कबूल झालो असतो. तिच्या ओठांचा रंग गेला होता. पेटीशिवायच आम्ही गाढवाचं गाणं म्हटलं. कडवं संपलं की सगळे थांबायचे, ओरडण्यासाठी जागा ठेवून. त्या जागेत काही आलं नाही. गाणं पुढे जायचं.

बाहेर पडल्यावर चिंचेखाली मोठीमायनं सगळ्यांना उभं केलं. “त्याच्या भावानं असंच मांगतलं होतं,” ती म्हणाली. एवढंच. पण आम्ही सगळे त्याच गाण्यांवर वाढलेलो. घराचं ठरलेलं गाणं सोडून माणूस ‘मला जाऊ दे’वालं गाणं मागतो, याचा आमच्यात दुसरा अर्थ कुणाला सुचलाच नाही. तिथल्या तिथे ठरलं की काकांना एकटं सोडायचं नाही आणि त्यांना ते कळू द्यायचं नाही.

यातलं पहिलं आम्ही जमवलं. दुसरं अशक्य होतं. सकाळी काका दात घासायला अंगणात आले की आमच्या गटातली शलोमीआत्या खंजिरी घेऊन हजर. “सराव करून राह्यलो,” म्हणायची. ते गोठ्यात गेले की तरुण मंडळी गोठ्यात. ते लोटा घेऊन नाल्याकडे निघाले तर चर्चचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे वयस्क गृहस्थ, त्यांच्या मागून लोटा घेऊन निघाले, आणि त्यांच्या मागून मी. काका थांबले. “मी परसाकडं चाललो,” ते म्हणाले. “तिथंबी नाताळ हाये का?” वडील म्हणाले, “तसं नाही, मलेबी लागली.” मी म्हणालो, मलाही. काकांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, “काल जेवायले काय होतं बे चर्चमध्ये?” मला हसू आलं, आणि तरीही मी नाल्यापर्यंत त्यांच्या मागून गेलो.

मोठीमाय त्या दिवसांत जेवली असेल असं मला वाटत नाही. काकांच्या घरासमोरच्या ओट्यावर ती तांदूळ निवडत बसायची. तेच तांदूळ परत परत.

नाताळ झाला. उपासनेला काका आले, मागच्या बाकावर बसले, प्रभुभोजन घेतलं, घरी गेले. आम्ही जरा सैल झालो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुस्तीत जो तो समजला की दुसरा कुणीतरी बघतो आहे. काकू धावत मोठीमायकडे आली. काका घरात नव्हते. गोठ्यातही नव्हते.

मोठीमायनं मला शेताकडे पिटाळलं. मी पळालो, म्हणजे माझ्यासारखा माणूस ज्याला पळणं म्हणतो ते केलं. वाटेत विहीर होती. विहिरीपाशी मी थांबलो आणि आत वाकून पाहायची माझी हिंमत होईना. डोळे मिटून वाकलो. मग उघडले. पाणी होतं, पाण्यात माझं गोल तोंड होतं. तेवढंच.

काका शेतात, बांधावर बसले होते. समोर पऱ्हाट्या उभ्याच होत्या, अजून मोडल्या नव्हत्या. ते एकेक बोंड तोडून अंगठ्यानं फोडत होते, आत बघत होते आणि बाजूला टाकत होते. बाजूला चांगला ढीग झाला होता. जवळ दुसरं काहीच नव्हतं. हे मी आधी पाहिलं.

“तू इकडं काय करून राह्यला बे?”

“चालायला आलो. वजन वाढलं ना.”

“घाम पाह्य तुहा,” काका म्हणाले. “अस्वल लागलं का मागं?”

मी त्यांच्याजवळ बसलो. हरभऱ्याचा भाव विचारला. काकांनी सांगितला. मग मी तुरीचा विचारला. सगळी पिकं संपत आली तेव्हा बांधावरून कुणीतरी येताना दिसलं. चपला हातात, पदर खोचलेला, साप असतो म्हणून ज्या वाटेनं ती कधी गेली नाही त्याच वाटेनं मोठीमाय येत होती. तिच्या मागे बऱ्याच अंतरावर काकू.

मोठीमाय काकांच्या समोर मातीत बसली. तिला धाप लागली होती. ती सावरेपर्यंत थांबली नाही.

“दाविद, तुनं ते गानं काऊन मांगतलं?”

काका म्हणाले, “तेवढ्यासाठी लावले का हे पोलीस माह्या मागं?”

“काऊन मांगतलं ते सांग.”

त्यांनी एक बोंड तोडलं. फोडलं नाही, हातात फिरवत राहिले. “सगळ्या गान्याइत आनंद हाये वहिनी. मेंढक्याले आनंद, ताऱ्याले आनंद, गाढवाले आनंद. मले यंदा आनंद आयकवत नोता. त्या एका गान्यात मानूस थकला हाये. मले वाटलं, थकल्या मानसाचं एखांदं गानं आयकाव.”

“आन् मंग तो थकेल मानूस जाते.”

“हाव. जाते.”

“तुह्या मनात हाये का जायचं?”

मी जमिनीकडे बघायला लागलो. असा प्रश्न कुणी कुणाला विचारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, न विचारलं तर ते नसेलही, आणि विचारलं म्हणजे असेल. काकू मागे येऊन उभी राहिली होती आणि तिनं तोंडावर पदर घेतला होता.

काकांनी वळून काकूकडे पाहिलं. मग म्हणाले, “येते मनात. जाते. राहत नाही, अजून.”

त्या ‘अजून’ची भीती मला आज लिहितानाही वाटते. मोठीमायला किती वाटली असेल. जिनं जन्मभर कुत्र्यामांजराची धास्ती घेतली, तिच्यासमोर शेवटी ती खरी भीती येऊन बसली होती, आणि मोठीमाय जागची हलली नाही. तिनं काकांच्या हातातलं बोंड काढून घेतलं आणि मला म्हणाली, “बापू, पेटी आन.”

मी परत गावात गेलो आणि पेटी डोक्यावर घेऊन पऱ्हाट्यांतून आलो. काड्या अंगाला ओरबाडत होत्या. मी आलो तेव्हा तिघंही तिथेच होती. काकू आता खाली बसली होती आणि तिचा हात काकांच्या पाठीवर होता. मोठीमायनं पेटी बांधावर मांडली. आणि तिनं ते गाणं वाजवलं, मोठेबाबांनंतर पहिल्यांदा. पहिलं कडवं तिनं एकटीनं म्हटलं. दुसऱ्यात काका आले, गाढवाचा तो मोठा आवाज कुठेतरी खाली ठेवून. ‘गुडघे शिणले’पासून परत म्हटलं त्यांनी. रडत नव्हते. पाणी वाहत होतं, पण रडत नव्हते. मी ओठ हलवत होतो.

बाळ म्हाताऱ्याच्या हातात आलं, ते कडवं संपलं. राहिलं शेवटचं. काकांनी श्वास घेतला आणि मोठीमायनं भाता बंद केला. खटका लावला.

“एक राह्यलं,” काका म्हणाले.

“राहू दे. ते पुढल्या नाताळाले.”

“अर्धं गानं ठेवत असते का कोनी?”

“मी ठेवते. तुले पुरं आयकाचं असन तं पुढल्या साली घरी राहजो.”

काकांनी मांडीवरची माती झटकली. मग म्हणाले, “तू लई चालू हायेस वहिनी.” आणि काकू पदराआडून हसली की रडली, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मोठीमाय जीपच्या पुढच्या सीटवर बसली, डोळे मिटून घेतले, आणि काकांना बुलढाण्याला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पुढे महिनोन् महिने नेत राहिली. डोळे तिनं कधीच उघडले नाहीत. ड्रायव्हर तिला ‘झोपलेली आजी’ म्हणायचा. काकांनी पऱ्हाटी मोडली, पावसाळ्यात एका तुकड्यात तूर लावली, पुढच्या हिवाळ्यात हरभरा पेरला. बरी वर्षं आली, वाईटही आली. वाईट वर्षी मोठीमाय समोरच्या ओट्यावर तांदूळ घेऊन बसायची. काका आतून ओरडायचे, “निवडून झाले असतीन तं जेवायले ये.”

मी तिला एकदा विचारलं, “आता भीती गेली का?” म्हणाली, “भीती कुठं जाते बाप्पा. पन भेलं की इचारावं. नुसतं भेऊन काय उपेग.” मग मला म्हणाली की तुझा गळा तर गेलेलाच आहे, हात तरी कामाला लाव. आणि माझ्या चाळिशीत तिनं मला पेटी शिकवायला घेतली. चुकलं की बोटावर चमचा मारायची.

दर नाताळाला काकांच्या ओसरीवर ती म्हाताऱ्याचं गाणं वाजवायची. त्या घराचं गाणं आता तेच झालं होतं. आधी गाढव, पोरांसाठी; मग म्हातारा. शेवटच्या कडव्यापाशी आली की भाता बंद, खटका. “पुढल्या साली,” ती म्हणायची. “पाह्यली का चलाखी,” काका म्हणायचे. नव्या आलेल्या सुनांना आणि जावयांना वाटायचं, गाणं तेवढंच आहे.

मोठीमाय गेल्या उन्हाळ्यात गेली. दुपारी आडवी झाली, उठली नाही. काका कबरीपाशी सगळ्यांत शेवटी थांबले आणि तिथे बसून शेंगा फोडल्यासारखी माती बोटांत चुरडत राहिले. मी दूर उभा राहून बघत होतो. मग जवळ जाऊन विचारलं, तिनं शिकवल्याप्रमाणे, सरळ. ते म्हणाले, “नाही बे. तसं नाही. दुखते नुसतं.”

मग नाताळ आला आणि पेटी माझ्याकडे आली. आम्ही दुपारीच निघालो. काकांच्या ओसरीवर मी बसलो, पेटी उघडली. काकांचे केस पांढरे झालेत, गुडघ्यांना पट्टा असतो. गाढव झालं, ओरडताना त्यांना ठसका लागला आणि पोरं खूश झाली. मग मी म्हाताऱ्याचं गाणं घेतलं. चुकतमाकत वाजवत होतो, काका सांभाळून घेत होते. बाळ हातात आलं. कडवं संपलं. मी भाता बंद केला.

काका माझ्याकडे बघत होते.

“बाकीचं पुढल्या साली,” मी म्हणालो. माझा आवाज असा निघाला की म्हशी सोडा, मीच दचकलो.

“हाव,” काका म्हणाले. “राहतो मंग.”

खरं सांगायचं तर ते शेवटचं कडवं मला येत नाही. मोठीमायनं मला ते कधी शिकवलंच नाही. गावात आता कुणालाच ते येत नाही. जुने जे म्हणायचे ते गेले, आणि नव्यांनी कधी ऐकलं नाही. दाविदकाकांना येत असेल. मी त्यांना सगळं विचारतो. जेवलात का, झोप लागली का, औषध कुठं ठेवलंय, काल एकटेच का बसला होता. ते शेवटचं कडवं येतं का, एवढं मात्र मी विचारत नाही.